धुण्याआधीची खूण

४ जानेवारी

पोपटा,

आशीर्वाद घे. चर्चचा पाळक झाल्यापासून आशीर्वाद द्यायचं काम तुझ्याकडे गेलंय, पण मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे, तेव्हा गपगुमान घे.

कामाचं लिहिते. माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टर आधी म्हणाले लिंबाएवढी, मग फोटो बघून म्हणाले मोसंब्याएवढी. आणखी थोडा वेळ बसले असते तर कलिंगडावर गेले असते, म्हणून मी उठून आले. अठरा फेब्रुवारीला कापायची आहे. नंतर तीन महिने ओझं उचलायचं नाही, फार उभं राहायचं नाही, वाफेत जायचं नाही. थोडक्यात, लाँड्रीत पाऊल टाकायचं नाही. आणि हे सगळं जगले तर. ते शेवटचं डॉक्टर बोलले नाहीत, पण एका कागदावर सही घेतली. सही कशाला घेतात ते कळायला चौथीपर्यंतची शाळा पुरते.

मला स्वतःची काळजी नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आहे. पण त्याहून मोठी काळजी माझ्या तिघींची. तू त्यांना पाहिलेलं नाहीस म्हणून सांगते. भट्टीवाली चादरी उकळते. बोलते कमी, आणि बोलली तर साबणाबद्दल. दोरीवाली गच्चीत कपडे वाळत घालते. बावीस वर्षांची आहे, डोकं आभाळात असतं, तिला तरी का बोलायचं, कामच तिथलं आहे. आणि इस्त्रीवाली माझ्याकडे सतरा वर्षं आहे, हात सोन्याचा, तोंड पितळेचं. या लाँड्रीवर तिघींची चूल पेटते. मी गेले आणि यांनी महिन्याभरात घोळ घातला, की गिऱ्हाईक नव्या यंत्रवाल्याकडे पळेल आणि तिघी घरी बसतील.

काल तिघींना चहा पाजून सगळं सांगितलं. स्पष्ट सांगितलं, तारीख सांगितली. भट्टीवाली म्हणाली, "साबण संपत आलाय, मावशी." दोरीवालीनं विचारलं, "म्हणजे तीन महिने सुट्टी?" इस्त्रीवालीनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, जग इकडचं तिकडं झालं तरी मी तुमच्या पाठीशी. जीव देईन." मी म्हटलं, जीव नको, कॉलरी नीट कर.

ऐकलंच नाही रे त्यांनी. कानात गेलं, आत शिरलं नाही.

म्हणून तुला विचारते. तुझ्या येशूनंही आपल्या माणसांना आधी सांगून ठेवलं होतं ना, की मला धरतील, मारतील, तुमचेही हाल होतील? त्यानं ते कसं केलं? थोडक्यात कळव. प्रवचन नको, मला उभ्यानं वाचायचं असतं.

ताई


१२ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं. पण तू धीर सोडू नकोस. मला मनातून वाटतं की तुला काहीही होणार नाही. डॉक्टर मंडळी उगाच घाबरवतात. आमच्या मंडळीतल्या एका आजोबांना अशीच गाठ सांगितली होती, ती गॅसची निघाली. तू दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. ऑपरेशनची वेळच येणार नाही, बघ. देव असं होऊ देणार नाही. आणि त्या बिचाऱ्या बायकांना आत्तापासून कशाला घाबरवतेस?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शुभवर्तमानात आहे. प्रभूनं आपल्या शिष्यांना हे निदान तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पेत्रानं, म्हणजे शिष्यांतल्या सर्वांत पुढच्यानं, त्याला बाजूला नेलं आणि दटावलं, की असलं काही तुझ्या बाबतीत होणारच नाही. तेव्हा प्रभूनं त्याला फार कडक शब्दांत मागे हो म्हटलं. दुसऱ्यांदा सांगितलं तर शिष्यांना कळलं नाही, आणि विचारायची भीती वाटली. मग ते वाटेत आपसांत वाद घालत बसले, की आपल्यात मोठा कोण. तिसऱ्यांदा सांगितलं तर दोघा भावांनी त्याच्या उजव्या-डाव्या हाताची जागा मागितली. एका ठिकाणी लिहिलंय की ती त्यांच्या आईनं मागितली.

या विषयावर माझ्याकडे अकरा पानांचं टिपण आहे, सोबत जोडतोय.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो. काही होणार नाही.

तुझा धाकटा


१९ जानेवारी

पोपटा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. वरच्या परिच्छेदात तू लिहितोस, ताई, तुला असं काही होणारच नाही. आणि खालच्या परिच्छेदात लिहितोस की पेत्र हेच बोलला आणि त्यानं शिव्या खाल्ल्या. दोन परिच्छेदांत चार बोटांचं अंतर आहे. मधे चहा प्यायला उठला होतास का?

माझी गाठ गॅसची नाही. गॅस असता तर तुझं पत्र वाचून गेला असता. मागे हो.

अकरा पानांच्या टिपणाबद्दल आभार. शर्टांच्या घड्यांत घालायला चांगला जाड कागद आहे.

आता इकडचं ऐक. रविवारी तिघींना दुसऱ्यांदा सांगितलं. या वेळी गाठ केवढी ते मोसंबं हातात धरून दाखवलं. तिघींनी डोळे मोठे केले, म्हटलं शिरलं एकदाचं. मी कपडे मोजायला मागे गेले तर पुढून आवाज चढले. खिडकीजवळच्या स्टुलावर कोण बसणार यावरून भांडण. खिडकी म्हणजे जिथून कपडे घेतो-देतो ती, आणि स्टूल म्हणजे माझं, एक पाय आखूड असलेलं. इस्त्रीवाली म्हणे, सतरा वर्षं. दोरीवाली म्हणे, मला वाचता येतं. भट्टीवाली सरळ जाऊन स्टुलावर बसली. मी अजून जिवंत, आणि स्टूल गरम.

सोमवारी दोरीवालीची आई आली. जिना चढून धापा टाकत म्हणाली, "मावशी, माझ्या लेकीला खिडकीत बसवा. आणि तिची मावसबहीण रिकामीच आहे, तिला शेजारी घ्या. दोघी मिळून छान बघतील." मला तुझ्या पत्रातली त्या दोघा भावांची आई आठवली आणि हसू आलं. मग मी विचारलं, मी जे पिते ते तुझी लेक पिईल का? म्हणाली, पिईल की, का नाही पिणार. मी डॉक्टरांनी दिलेलं तपकिरी औषध चमचाभर तिच्या लेकीला दिलं. तिनं प्यायलं, तोंड निळीच्या डब्यात पडल्यासारखं केलं आणि गच्चीत पळाली. आईला म्हटलं, हे दिवसातून तीनदा असतं. खिडकीतल्या जागेबरोबर हे येतं. ती म्हणाली, मग विचार करून सांगते.

तर नुसतं सांगून भागत नाही, हे मला कळलं. शिकवायला बसले. आमच्या धंद्यातली खरी विद्या म्हणजे खुणा. दोनशे घरांचे कपडे एका भट्टीत जातात. बाहेर आल्यावर सगळ्या चादरी सारख्याच पांढऱ्या. कुणाची कुठली ते कळतं कोपऱ्यातल्या लाल दोऱ्याच्या टाक्यावरून. बाकीचे लोक आकडे घालतात. मला आकडे जमत नसत तेव्हापासून मी माणसं घालते. बेकरीवाला लंगडतो, त्याची खूण एक लांब टाका, एक आखूड. मुख्याध्यापिका ओठ मिटून बसते, तिची नुसती आडवी रेघ. हॉटेलवाल्याचं पोट, म्हणून गोल. दातांच्या डॉक्टरचे स्वतःचे दात वाकडे, तर एक टाका तिरका.

चोवीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाला कळलं तर उद्या एक चादर यायची नाही. आता दोनशे घरांची निंदा तिघींना पाठ करायला लावते आहे. यात मात्र तिघींचं लक्ष लागतं. इस्त्रीवाली तर म्हणाली, "मावशी, हे आधी का नाही सांगितलं, मी कधी सुट्टीच घेतली नसती."

एक सांग. एवढं तीनतीनदा सांगून ज्यांना कळलंच नाही, त्यांना सांगण्यात त्या शहाण्या माणसानं वेळ का घालवला?

ताई


२८ जानेवारी

प्रिय ताई,

माफ कर. तू बरोबर आहेस, मी मधे चहा प्यायला उठलो होतो.

तुझ्या प्रश्नावर मी चार दिवस घालवले. मला सापडलं ते लिहितो. सगळं होऊन गेल्यावर, त्याला वधस्तंभावर मारल्यावर, तिसऱ्या दिवशी काही बायका सुगंधी मसाले घेऊन थडग्यापाशी जातात. थडगं रिकामं. तिथे त्यांना लखलखीत वस्त्रांतले दोघे भेटतात आणि म्हणतात, तो तुमच्यासोबत होता तेव्हा काय बोलला होता ते आठवा. पुढे लिहिलंय, त्यांना आठवलं. बस, एवढंच. तेव्हा कळलं नव्हतं, आता आठवलं. आणि शेवटच्या जेवणाच्या वेळी त्यानं स्वतःच सांगितलं होतं, की हे घडायच्या आधी सांगून ठेवतो, म्हणजे घडेल तेव्हा तुमचा विश्वास ढळणार नाही. म्हणजे ताई, ते सांगणं त्या दिवसासाठी नव्हतंच. नंतरच्यासाठी होतं.

यावर मी रविवारी बोललो. तुझं नाव न घेता स्टुलाची आणि तपकिरी औषधाची गोष्ट सांगितली. मंडळी हसली. एक बाई नंतर येऊन म्हणाल्या, पाळकसाहेब, पहिल्यांदाच तुमचं शेवटपर्यंत ऐकलं.

एक वाईट बातमी आहे. अठरा तारखेला मला यायला जमेलसं वाटत नाही. चर्चच्या छपराचं काम निघालंय आणि पाहणीला वरिष्ठ त्याच आठवड्यात येणार आहेत. मी प्रयत्न करतो, पण तू माझ्यावर विसंबून राहू नकोस. मनानं मी तिथेच असेन.

तुझा धाकटा


७ फेब्रुवारी

पोपटा,

छपराचं वाचलं. त्यावर शेवटी बोलते.

तुझं ते नंतरच्यासाठीचं मात्र मला पटलं, आणि तुला चार दिवस लागले ते मला खुणा घालता घालता सुचायला हवं होतं. खूण धुण्याआधी घालतात. चादर घरच्या पलंगावर असते तेव्हा खुणेकडे कोण बघतं? भट्टीत सगळं एकत्र होऊन बाहेर आलं, पिळलं, आपली कुठली ते आईला ओळखेना, की मग कोपरा बघतात. त्यानं माणसांना आधी टाका घालून ठेवला. आत्ता कळो न कळो. मीही आता तिघींना कळलं का म्हणून विचारत नाही. घालते टाका, पुढची ये.

गुरुवारी परीक्षा घेतली. तिघींना सांगितलं की तपासण्यांसाठी दिवसभर दवाखान्यात आहे, आणि समोरच्या चावीवाल्याच्या दुकानात जाऊन बसले. तो किल्ल्या टांगतो त्या फळीमागून आमची खिडकी सरळ दिसते. चावीवाला म्हणाला, "मावशी, नवऱ्यावर नजर ठेवतात, तसं बायकांवर ठेवताय." मी म्हटलं, नवरा गेल्यापासून नजर रिकामीच आहे.

अकरापर्यंत ठीक चाललं. दातांच्या डॉक्टरचे कोट बरोबर गेले. मग हॉटेलवाला आला. हातात टेबलावरचं कापड, आणि त्यावर इस्त्रीचा तपकिरी ठसा, नावेसारखा. ओरडत आला, "कुणी जाळलं हे? मालकीण कुठे?"

खिडकीत इस्त्रीवाली. जीव देणारी. म्हणाली, "मला काय माहीत? मी पण कपडे न्यायला आलेय."

हातात इस्त्री होती तिच्या. वाफ येत होती.

हॉटेलवाला गोंधळून बाजूला झाला तर मागे मुख्याध्यापिका. ती म्हणाली, तुला तर मी नेहमी आत बघते. ही म्हणाली, "नाही बाई, माझ्यासारखी दुसरी असेल." तेवढ्यात बेकरीवाल्याची बायको, जी हिच्या गल्लीतच राहते. "अगं, तू इथेच कामाला आहेस ना? तुझ्या अंगाला साबणाचा वास येतोय." ही शपथेवर आली. म्हणाली, "या लाँड्रीशी माझा संबंध असेल तर माझे हात झडोत."

तुझ्या टिपणात पेत्रानं तिसऱ्यांदा ओळख नाकारली की कोंबडा आरवतो. इथे कोंबडा नव्हता. चावीवाल्यानं नेमकी तेव्हाच कानस लावली, आणि ती अशी किरकिरली की सगळ्यांनी इकडे मान वळवली. इस्त्रीवालीनंही. फळीमागे मी.

मी काही बोलले नाही. मला ओळखतोस, त्यामुळे हे वाक्य पुन्हा वाच. मी नुसतं बघितलं. ती इस्त्री खाली ठेवून मागे पळाली, आणि भिजवायच्या हौदापाशी बसून इतकी रडली की भट्टीवाली म्हणाली, "आज पाणी भरायला नको."

संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "मावशी, मला काढून टाका." मी म्हटलं, काढून टाकायला परीक्षा घेतली नाही, जे पडायचं ते अठरा तारखेच्या आधी पडून घ्यावं म्हणून घेतली. आज पडलीस ते बरं झालं. आता पडून कसं वाटतं ते तुला माहीत आहे, बाकी दोघींना नाही. म्हणून खिडकीत तूच बसायचं. तिला काही कळलं नाही. टाका घातला आणि उठले.

आता तुझं. तुझ्या छपराला मी नावं ठेवत नाही, पण वरिष्ठ काही छपरावर चढून पाहणी करणार नाहीत. तू येणार नाहीस, कारण तुला दवाखान्याच्या जिन्याची भीती वाटते. आईच्या वेळी तू औषध आणायला म्हणून खाली उतरलास तो दुसऱ्या दिवशी दुपारी वर आलास, तोपर्यंत औषध नको झालं होतं. मी तेव्हा काही बोलले नाही, नंतर तेवीस वर्षं बोलले नाही. आताही रागानं लिहीत नाही. आधी सांगून ठेवते, एवढंच. तू येणार नाहीस. मग रडशील. रडून झालं की लोळत पडू नकोस, माझ्या बायकांना पत्र लिही, त्यांना धीर दे. त्यांना गरज लागेल आणि मी तेव्हा बोलायच्या अवस्थेत नसेन.

हे पत्र जपून ठेव. पुढे लागेल.

ताई


२४ फेब्रुवारी

पाळकमामांना नमस्कार.

मी इस्त्रीवाली. मावशींनी तुमचा पत्ता खिडकीच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलाय, तिथून घेतला. अक्षर दोरीवालीचं आहे, बोलणं माझं आहे. ती मधेमधे स्वतःचं घालते, तिकडे लक्ष देऊ नका.

अठरा तारखेला ऑपरेशन झालं. दोन तास सांगितले होते, साडेपाच लागले. आम्ही तिघी लाँड्री बंद ठेवून बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मावशींनी आत जाताना सांगितलं होतं, जाग्या राहा गं, तेवढंच करा. पहाटे उठून चादरी उकळून आलो होतो मामा, बाकावर पंख्याचा वारा लागला आणि या दोघी एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या. (मी झोपले नव्हते, डोळे मिटले होते. दोरीवाली.) मी त्यांना तीनदा हलवलं. मग मीही झोपले. नर्सबाईंनी उठवलं.

सहा दिवस झाले, मावशी अजून धड बोलत नाहीत. डोळे उघडतात, आमच्याकडे बघतात, परत मिटतात. ताप येतोय. डॉक्टर रोज म्हणतात, उद्या बघू. मावशींना आत नेण्याआधी आम्ही त्यांच्या शालीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं खूण घातली, म्हणजे दवाखान्याच्या कपड्यांत हरवायला नको. खूण काय घालायची यावर बराच वाद झाला. शेवटी जीभ घातली.

लाँड्री चालू आहे. पहिल्या दिवशी नऊ गिऱ्हाइकांना चुकीचे कपडे गेले, काल एकालाच. हॉटेलवाला परत आला होता. म्हणाला, तू तर कपडे न्यायला आलेली ना? मी म्हटलं, नाही साहेब, मी इथलीच. कापड मीच जाळलं. त्या दिवशी खोटं बोलले. या वेळी इस्त्री खाली ठेवून पळाले नाही. तो म्हणाला, बरं, पुढचं नीट कर.

मामा, एक विचारायचं आहे. मावशी म्हणाल्या होत्या, माझा भाऊ येणार नाही, पण त्याचं पत्र येईल, त्याची वाट बघा. आम्ही रोज टपालवाल्याला विचारतो. तो आता आम्हाला बघून रस्ता ओलांडतो. पत्र आलं नाही. तुम्ही आजारी तर नाही?

तुमची,
इस्त्रीवाली (आणि दोरीवाली, आणि भट्टीवाली म्हणते साबणाचं सांगा, पण ते तुम्हाला कशाला)


१ मार्च

माझ्या तिन्ही बहिणींनो,

आजारी नाही. सतरा तारखेला मी स्टेशनवर गेलो होतो. पिशवी भरलेली, तिकीट काढलेलं. गाडी आली. डबा समोर थांबला, दार उघडं होतं, मी बाकावर बसून राहिलो. गाडी गेली. मग घरी येऊन तिचं सात तारखेचं पत्र काढलं आणि वाचलं. तिनं लिहिल्याप्रमाणे सगळं झालं, रडण्यासकट. फक्त रडायला मला जरा जास्त दिवस लागले, म्हणून हे पत्र उशिरा.

मी तुम्हाला धीर द्यावा असं तिनं सांगितलंय. माझ्याकडे देण्यासारखा फार नाही. पण ज्या पेत्राबद्दल ती तुम्हाला बोलली असेल, त्यालाही आधीच सांगितलं होतं, की तू मला नाकारशील, आणि वळून परत आलास की तुझ्या भावांना स्थिर कर. म्हणजे ज्यानं सांगितलं त्यानं पडणं धरलं होतं, आणि परत येणंही. इस्त्रीवालीताई, तुम्ही परत आलात. मी अजून बाकावर आहे. तेव्हा या पत्रात धीर तुम्ही मला देताय असं समजा.

एक कामाची गोष्ट. तिच्या उशाशी कुजबुजत बसू नका, रडू तर मुळीच नका. काहीतरी चुकलं ते मोठ्यानं सांगा. उलट बोला. मी लहानपणी तिचा ताप असाच उतरवायचो.

पोपट (तिनं सांगितलं असेलच)


९ मे

पोपटा,

बसून लिहिते आहे, त्यामुळे अक्षर चांगलं आहे.

तुझ्या पत्रानं काय केलं ते तुला कुणी सांगितलं नसेल. त्या तिघी माझ्या खाटेला वेढा घालून उभ्या राहिल्या आणि इस्त्रीवाली मोठ्यानं म्हणाली, "मावशी, मुख्याध्यापिकेचा परकर हॉटेलवाल्याला गेला, आणि त्यानं तो टेबलावर घातला." मला सांगतात की मी डोळे उघडून पहिला शब्द जो बोलले तो नर्सबाईंनी फाइलीत लिहायला नकार दिला. त्या दिवसापासून ताप उतरत गेला. परकराचं खरं होतं, बरं का. दोन जेवणावळी झाल्या त्यावर.

लाँड्री उभी आहे. गेली ती चार गिऱ्हाइकं, आली पाच. स्टुलावर इस्त्रीवाली बसते. मी मागे खुर्चीवर बसून सगळ्यांत चुका काढते, ते डॉक्टरांनी मना केलेलं नाही. नवीन गिऱ्हाइकांच्या खुणा आता त्या तिघी ठरवतात. माझ्याहून दुष्ट निघाल्या.

स्टेशनवरच्या बाकाचं वाचलं. त्यावर मला काही म्हणायचं नाही. तुझ्या पत्रातलं ते वाक्य, मी अजून बाकावर आहे, ते इस्त्रीवालीनं कापून शिवणाच्या डब्यात ठेवलंय.

आता कामाचं. काल परत फोटो काढला. आणखी एक गाठ आहे, लहान, पण जागा वाईट. यकृताला लागून. अकरा जूनला परत कापायचं. या वेळी डॉक्टर लिंबू-मोसंबं काही म्हणाले नाहीत, आणि बरं होईल असंही म्हणाले नाहीत. मी सरळ विचारलं तेव्हा म्हणाले, निम्मं-निम्मं धरा. मी तिघींना काल सांगितलं. भट्टीवाली उठली, माझे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि बराच वेळ दाबत बसली. साबणाचं काही बोलली नाही. तेव्हा मला कळलं की या वेळी आत शिरलं.

तुला दुसऱ्यांदा सांगते आहे. देव आहे हे लिहू नकोस, तो आहे ते मला ठाऊक आहे. दुसरा डॉक्टर, गॅसवाले आजोबा, छप्पर, काही नको. ऐकलंस की नाही, तेवढंच लिही.

ताई


२२ मे

ताई,

ऐकलं. अकरा जून. निम्मं-निम्मं.

मी आठ जूनला येतो. मला जिन्याची अजून भीती वाटते. ती इथे सोडून यायचा विचार होता, पण सांभाळायला कुणी तयार नाही, म्हणून सोबत आणतो आहे. इस्त्रीवालीताईंना मी वेगळं लिहिलंय, की गाडी यायच्या वेळी स्टेशनवर थांबा, आणि मी डब्यातून उतरायला वेळ लावला तर वर चढून मला खाली ओढा. त्यांचं उत्तर आलं, चढू.

परतीचं तिकीट काढलेलं नाही. चर्चमध्ये सांगून ठेवलंय की कधी येईन ते माहीत नाही. कारणही सांगितलं, छपराचं नाही, खरं.

तुझ्यासोबत आत जिथपर्यंत येऊ देतील तिथपर्यंत येईन. पुढे बाकावर बसेन. झोपलो तर भट्टीवालीताईंना चिमटा काढायला सांग.

तू बरी होशील, असं मी शेवटी लिहिलं होतं. ते खोडलंय. खोडलेलं कागदावर दिसतंय, वाचू नकोस.

पोपट